घेवडा आणि हिरव्या केळ्यांचा बुरुंडी पद्धतीचा रस्सा: कोणी नीट कृती सांगेल का?

किगालीत_नवी
नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही सध्या रवांडात किगालीत आहोत. आमच्या शेजारी मूळच्या बुरुंडीच्या एक मावशी राहतात, त्यांनी मागच्या आठवड्यात डबा दिला, त्यात घेवडा आणि हिरव्या केळ्यांचा रस्सा होता. वर लालभडक तेलाचा तवंग, घेवडा अख्खा पण जिभेने दाबला तरी विरघळेल असा मऊ, केळ्याचे मोठमोठे पिवळे तुकडे, आणि मसाला म्हणावा तर कांद्यापलीकडे काही लागलंच नाही. एरवी भाजीला नाकं मुरडणारी माझी दोन्ही मुलं डबा पुसूनपुसून जेवली. मावशींना कृती विचारली तर त्या म्हणाल्या घेवडा शिजव, कांदा परत, मावेसे (ते लाल पाम तेल) घाल, केळी घाल, झालं. माझं फ्रेंच जेमतेम आणि त्यांचं इंग्रजी त्याहून कमी, त्यामुळे पुढे विचारताच आलं नाही.

आता प्रश्न असे की किमिरोंकोच्या बाजारात हिरव्या केळ्यांचेच तीन-चार वेगवेगळे ढीग असतात, त्यातली कुठली घ्यायची? घेवडासुद्धा पिवळा, लाल, काळा, ठिपक्यांचा, सगळा मिसळलेला, काही कळत नाही. कुकर लावला तर चालेल का? त्या लाल तेलाला एक वेगळाच वास आहे, ते आपल्या तेलासारखं कडकडीत तापवायचं का? आणि घरून आणलेला गोडा मसाला आहे तो थोडा घातला तर बिघडेल का? कोणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा, मला हे घरात नेहमी करायचंय.

कंपाला_जुनी
ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, गोडा मसाला घालू नका. निदान पहिल्यांदा तरी नको. या पदार्थाची सगळी चव घेवडा शिजलेल्या पाण्यात असते आणि मसाला पडला की पहिली तीच चव जाते. मी बरीच वर्षं युगांडात आहे, आमच्याकडे याचाच भाऊबंद म्हणजे कातोगो, तो केळी आणि घेवड्याचा असतो, कधी केळी आणि आतड्या-वजडीचा, कधी केळी आणि शेंगदाण्याच्या कुटाचा, आणि तो सकाळी नाश्त्याला खातात, कंपालात रस्त्यावरच्या छोट्या खानावळीत सकाळी आठला मोठ्या पातेल्यातून वाफा निघत असतात. तुमच्याकडे रवांडात आगातोगो करतात तोही याच घराण्यातला.

आता केळी. बाजारात तुम्हाला जे ढीग दिसतात त्यात एक शिजवायची केळी, एक दारूची, एक पिकवून खायची आणि एक मोठी लांबट जाड सालीची. विक्रेतीला सरळ "इन्यामुन्यो" मागा, म्हणजे शिजवायची मिळतील. दारूची केळी चुकून आली तर रस्सा तुरट होतो, ती उर्वाग्वासाठी, म्हणजे केळ्याच्या दारूसाठी असतात, शिजवून चांगली लागत नाहीत. लांबट मोठी जी असतात ती तळून मिझुझु करायला जास्त चांगली, रश्श्यातही चालतात पण मग रस्सा तेवढा दाट होत नाही, तुकडे टणक राहतात. इन्यामुन्यो म्हणजे युगांडात ज्याला आम्ही मातोके म्हणतो तीच, या डोंगराळ भागाचीच खास जात, शिजली की पांढऱ्याची पिवळीधमक होते आणि कडा विरघळून रस्सा दाट करते, ते विरघळणं हवंच असतं.

सोलताना हाताला आणि सुरीला तेल लावा, नाहीतर चीक बसतो आणि दोन दिवस नखं काळी राहतात. दोन्ही टोकं कापायची, सालीला उभी चीर द्यायची आणि सुरीनेच साल उचलत जायचं, पिकलेल्या केळ्यासारखं हाताने ओढून निघत नाही. सोललेली लगेच मिठाच्या पाण्यात टाका. तुकडे लहान करू नका, एका केळ्याचे दोन, फार तर तीन.

घेवडा मात्र एकाच प्रकारचा घ्या, मिसळलेला घेतला की एक दाणा फुटतो तेव्हा दुसरा कच्चा असतो. नवा मिळाला तर उत्तमच. जानेवारीत आणि जूनच्या आसपास तिकडे नवा माल येतो, तेव्हा ओल्या शेंगा सोलून विकायला बसतात, त्या दिसल्या तर सोडू नका, भिजवायचीसुद्धा गरज नाही आणि चव वेगळीच. वर्षभर गरम दमट जागी पडलेला घेवडा कितीही शिजवा, आत खडा राहतोच.

किगालीत_नवी
बाप रे किती छान सांगितलंत! दारूची केळी वेगळी असतात हे मला माहीतच नव्हतं. आता प्रमाण आणि क्रम पण सांगा ना, चार माणसांचं.

कंपाला_जुनी
सांगते. कोरडा घेवडा २५० ग्रॅम, रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी टाकून द्या, धुऊन नवीन पाणी घाला. कुकर जरूर लावा, किगाली दीड हजार मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात घेवडा तासन्‌तास घेतो. तिथले लोक कोळशाच्या शेगडीवर सकाळी पातेलं चढवून दुसऱ्या कामाला लागतात, आपल्याला गॅसवर ते परवडत नाही. मध्यम आचेवर पाच-सहा शिट्ट्या, घेवडा जुना असेल तर आठ. वाफ आपोआप जाऊ द्या. आणि यातलं पाणी अजिबात टाकायचं नाही, हेच मुख्य. पाणी तांबूस, किंचित चिकट दिसायला हवं. दाणा दोन बोटांत दाबला की सालीसकट लोण्यासारखा दबला पाहिजे, नुसता फुटतो पण आत पिठूळ पांढरं दिसतं तर अजून दोन शिट्ट्या द्या, कारण पुढे टोमॅटो पडला की तो मऊ होणं थांबतो.

टोमॅटो म्हणूनच घेवडा पूर्ण शिजल्यावरच. आंबटपणाने दाण्याची साल घट्ट होते, मग तास घाला की दोन तास घाला.

आता जाड बुडाचं पातेलं. लाल पाम तेल तीन मोठे चमचे, मंद आचेवर. धूर येऊ द्यायचा नाही. धूर आला की त्याचा तो लाल रंग जातो आणि तेलाला करपट वास लागतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. तेल पातळ होऊन कांदा टाकल्यावर कडेने हलके बुडबुडे आले की पुरे. दोन मोठे कांदे लांबट चिरून, गुलाबी नाही, चांगले मऊ आणि कडा जराशा सोनेरी होईपर्यंत. मग दोन-तीन टोमॅटो, मीठ, एक ढोबळी मिरची, आणि तिकडे सेलरी भरपूर मिळते ती पानांसकट बारीक चिरून एक मूठ, रवांडाच्या घरगुती जेवणात तो वास फार असतो. टोमॅटोचं तेल सुटलं की केळ्याचे तुकडे, सहा ते आठ केळी, वर घेवडा आणि त्याचं सगळं पाणी. केळी बुडतील इतकं पाणी हवं, कमी पडलं तर गरम पाणी घाला, गार नको.

झाकण ठेवून मंद आचेवर २५-३० मिनिटं. पळी घालून ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं. माझ्याकडे स्वयंपाकाला मदत करायच्या त्या बाई झाकणाखाली केळीचं पान ठेवायच्या, वाफ कोंडते आणि वरचे तुकडे कोरडे पडत नाहीत, मी आता तसंच करते. केळ्यात सुरीचं टोक सहज गेलं आणि रंग पिवळा झाला की गॅस बंद, दहा मिनिटं तसंच राहू द्या, त्या दहा मिनिटांत रस्सा खरा दाट होतो. तिखट हवं तर ताटात, भांड्यात नाही. तुमच्याकडे आकाबांगा मिळतं ना, ते थेंबांच्या बाटलीतलं मिरचीचं तेल, त्याचे दोन थेंब पुरे, मुलांच्या ताटापासून लांब ठेवा.

नागपूरचा_खवय्या
वाचून छान वाटलं पण मला एक सांगा, कांदा टोमॅटो मीठ एवढ्यावर घेवडा कसा लागणार? आम्ही राजम्यात आलं लसूण धणे जिरे नसेल तर ताट सरकवतो. जिऱ्याची फोडणी आणि हिंग तरी घालायला काय हरकत आहे, पोटालाही बरं, घेवड्याने गॅस होतो. आणि तिकडे भारतीय लोक शंभर वर्षांहून जास्त काळ राहतायत, त्यांचा मसाला तिथल्या जेवणात गेला नसेल असं कसं होईल.

कंपाला_जुनी
गेलाय ना दादा, चपाती तर युगांडा-केनियात आता त्यांचीच झालीय, घेवड्याबरोबर चपाती हे रोजचं जेवण आहे. बिंझारी म्हणून हळद-धण्याची पूड बाजारात मिळते, शहरात लोक घेवड्यात रॉयको ही तयार मसाला पूड घालतात. तेव्हा मसाला घातला म्हणजे पाप केलं असं मी म्हणत नाही. पण ताईंना मावशींच्या डब्यातली चव हवीय आणि ती चव जिऱ्या-हिंगाची नाही. तुम्ही एकदा नव्या घेवड्याचं पाणी मीठ घालून नुसतं वाटीत घेऊन प्या, मग बोलू. त्याला स्वतःची गोडसर मातकट चव असते, आपण राजम्यात इतकं काही घालतो की ती आपल्याला कधी भेटतच नाही. केळं ती शोषून घेतं, पाम तेल तिला वास देतं, यात चौथ्याला जागा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. गॅसचं म्हणाल तर भिजवलेलं पाणी टाकून दिलं आणि दाणा पूर्ण शिजवला की त्रास बराच कमी होतो.

कोथरूडकर
मी काही वर्षं बुजुंबुराला होतो, हा रस्सा आठवला की अजून जीव कासावीस होतो. लाल तेलाबद्दल थोडं सांगतो. बुरुंडीत टांगानिका सरोवराच्या काठाने दक्षिणेला गेलं की रुमोंगे लागतं, तिकडे पामची झाडंच झाडं, आणि घरगुती काढलेलं तेल बाटल्यांत भरून रस्त्याकडेला विकतात. त्याचा रंग गाजरात असतं त्याच घटकामुळे असतो, आणि रिफाइन केलं की तो सगळा निघून जातो. म्हणून आपल्याकडच्या पामोलिनने हा पदार्थ होणार नाही, ते वेगळंच प्रकरण आहे. किगालीत सकाळी गारव्याने बाटलीत खाली घट्ट पिवळं-केशरी बसलेलं दिसलं तर खराब झालं असं समजू नका, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

बुजुंबुराला आम्ही खायचो त्यात टोमॅटो क्वचितच असायचा. कांदा, तेल, मीठ, घेवडा, केळी, आणि एखादी हिरवी मिरची अख्खीच वर तरंगत ठेवायची, फुटू द्यायची नाही, नुसता वास उतरतो. मावशी बुरुंडीच्या आहेत तर त्यांचं बहुधा असंच असेल, त्यांनी टोमॅटोचं नावही घेतलं नाही बघा.

आता माझा प्रश्न, पुण्यात हे करायचं तर केळी कुठली घेऊ? बाजारात जी भाजीची कच्ची केळी मिळतात त्यांनी ती मजा येत नाही, रंगही राखाडी येतो.

किगालीत_नवी
हो खरंच, डब्यात टोमॅटो दिसला नव्हता! मग मी पहिल्यांदा बिनटोमॅटोचाच करते आणि नंतर कंपालाच्या पद्धतीने.

वसईची_लेक
कोथरूडकर दादा, दोन पर्याय आहेत आणि दोन्हींचा परिणाम वेगळा. राजेळी मिळाली तर ती हिरवी घ्या, ज्याची आमच्याकडे सुकेळी करतात तीच. ती खऱ्या अर्थाने शिजवायची जात आहे, केरळी दुकानात नेंद्रन मिळतं तेही त्याच जातकुळीचं. तुकडा मोडत नाही, रंग छान पिवळा येतो. पण रस्सा दाट करायचं काम ती कमी करते. गोव्याकडे असाल तर मोयराची केळी. उलट जळगावची जी नेहमीची कच्ची केळी आहेत ती पूर्व आफ्रिकेतल्या त्या मातोकेला कुळाने जवळची आहेत, शिजून विरघळतात, म्हणून मी दोन्ही एकत्र घालते, चार राजेळी आणि दोन साधी, साधी पाच मिनिटं उशिरा टाकायची. रंग राखाडी होऊ नये म्हणून सोलल्याबरोबर पाण्यात बुडवून ठेवायची, हवा लागू द्यायची नाही, आणि लोखंडी कढई नको. केळी पूर्ण हिरवी हवीत, देठाशी जराही पिवळी पडली असतील तर रस्सा गोड होतो आणि मग सगळं बिनसतं.

घेवड्यासाठी पंजाबी राजम्यापेक्षा आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा वापरा. ठिपके, आकार, साल, सगळं तिकडच्या ठिपक्यांच्या लाल घेवड्याच्या जवळ जातं, आणि पाणी छान दाट सुटतं.

कंपाला_जुनी
वाघ्या घेवड्याचं अगदी बरोबर, मी सुट्टीत साताऱ्याला आले की तोच वापरते. आमच्याकडे नंबाले म्हणून जात मिळते ती बरीचशी तशीच दिसते.

लेस्टरहून
इथे आफ्रिकन दुकानात मातोके आणि लाल पाम तेल दोन्ही सहज मिळतं. एक विचारायचं होतं, सगळं एकदम स्लो कुकरमध्ये टाकून ऑफिसला गेलं तर चालेल का, घेवडा कच्चाच, भिजवलेला. आठ तास राहील.

औषधवाला
अजिबात नको, कृपा करून. लाल घेवड्यात, राजम्यात, एक नैसर्गिक विषारी घटक असतो, नीट न शिजलेले थोडे दाणेसुद्धा पोटात गेले तरी काही तासांत जोरदार उलट्या-जुलाब होतात. तो मरायला खळखळ उकळी लागते. स्लो कुकर बऱ्याचदा तेवढा तापतच नाही, आणि ८० अंशांच्या आसपासच नुसतं गरम राहिलं तर त्रास कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नवीन पाण्यात खळखळून उकळा, निदान दहा मिनिटं, अमेरिकेचं अन्न-औषध खातं, एफडीए, तर तीस मिनिटं सांगतं. त्यानंतर स्लो कुकरमध्ये घाला, काही हरकत नाही. दुकानातला टिनबंद शिजवलेला घेवडा घेतलात तर हा प्रश्नच नाही. प्रेशर कुकरमध्ये शिजलेला निर्धोक आहे.

लेस्टरहून
बरं झालं विचारलं. आभारी आहे.

मोशीकर
किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशीला राहतो, इकडचं पण सांगतो. चागा लोकांत केळी आणि घेवडा एकत्र शिजवून किबुरू करतात, तो रस्सा नसतो, बराच घट्ट असतो. केळी आणि मांसाचं पातळ म्हणजे म्तोरी, ते बाळंतिणीला आवर्जून देतात. हे दोन जिन्नस इतक्या ठिकाणी एका भांड्यात का येतात ते इकडची शेतं बघितली की कळतं. चागांच्या घराभोवतीच्या मळ्याला किहांबा म्हणतात, त्यात वर केळी, खाली कॉफी, आणि त्याखाली मोकळ्या जागेत घेवडा. रवांडा-बुरुंडी-युगांडात पण केळीच्या बागेतच घेवडा पेरतात. केळं वर्षभर येतं, घेवडा हंगामात निघून वाळवून ठेवता येतो, आणि एकातून पोट भरतं, दुसऱ्यातून प्रथिनं मिळतात, म्हणजे मांस परवडत नाही त्या घराचंही चालतं. केळी मूळची आपल्या बाजूची, आग्नेय आशियाकडून आलेली, घेवडा अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या मागोमाग आलेला, आणि आज ही दोन्ही इथल्या माणसांची रोजची भाकरी झालीत. याला गरिबाचं जेवण म्हणून बाजूला ठेवणारे आपले लोक भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं, इतकं विचारपूर्वक जमवलेलं जेवण फार थोडं असतं.

घेवडा फारच हट्टी असेल तर इकडे मगादी टाकतात, सोड्याच्या सरोवरातला खार. आपला खायचा सोडा चालतो, पण भिजवताना अगदी चिमूटभरच, जास्त झाला की दाण्याला साबणासारखी चव येते.

किगालीत_नवी
सगळ्यांचे मनापासून आभार! आज केला. पिवळा एकाच जातीचा घेवडा, इन्यामुन्यो केळी, टोमॅटो नाही, अख्खी हिरवी मिरची वर. तेल मंद ठेवलं आणि रंग अगदी डब्यातल्यासारखाच राहिला. केळीचं पान बाजारवालीनेच केळ्यांबरोबर फुकट दिलं. मावशींना वाटीभर नेऊन दिलं तर त्यांनी आधी पातेल्याकडे न्यायला सांगितलं, स्वतः बघितलं, आणि हाताने खुणा करून सांगितलं की पाणी अजून हवं होतं, केळी पिते. ते बरोबरच होतं, तासाभरात सगळं आळून गेलं. आता एवढंच सांगा, उरलेलं उद्या कसं गरम करू, आणि बरोबर काय वाढू?

कंपाला_जुनी
मस्तच झालं की! उरलेलं फ्रिजमध्ये दगडासारखं बसतं, घाबरू नका. अर्धी वाटी गरम पाणी बाजूने सोडा, झाकण ठेवून अगदी मंद आचेवर, मधेच पातेलं हलवा, चमचा नको. मायक्रोवेव्हमध्ये केळं चिवट होतं. पुढच्या वेळी घेवडा शिजवताना दोन वाट्या पाणी जास्तच घाला, जे उरेल ते बाटलीत भरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी गरम करताना साध्या पाण्याऐवजी तेच वापरायचं.

बरोबर पालेभाजी हवीच. तिकडे दोदो मिळतो, म्हणजे आपला माठच, कांद्यावर नुसता परतून. आवोकाडो स्वस्त आहे, त्याची एक फोड मीठ लावून ताटात ठेवा, तेलकट तवंगाला ती फार छान जाते. भात-पोळी काही करू नका, केळं आहे ना.